विमान सोडणाऱ्याची सही

इंदापूर तालुक्यात विमानाचं नवल आता कुणाला राहिलेलं नाही. पुणे-सोलापूर रस्त्यावरचं पळसदेव घ्या. जुनं गाव उजनीच्या पाण्यात गेलं. पाणी फार ओसरलं की पळसनाथाच्या देवळाचं शिखर अजूनही वर येतं आणि बघायला माणसं जमतात. इथून बारामतीचा विमानतळ सरळ रेषेत तीसेक किलोमीटर. सेसना १५२ सारख्या दोन माणसांच्या विमानाला तेवढं अंतर कापायला दहा-बारा मिनिटं पुरतात. बारामतीच्या प्रशिक्षण संस्थांमधली मुलं-मुली दिवसभर या पट्ट्यावरून घिरट्या घालत असतात. खाली ऊस खुरपणाऱ्या बाया मान वर करूनही बघत नाहीत. आवाजात फरक पडला तरच माना वर होतात.

२५ जुलै २०२२ रोजी तसा फरक पडला. इंदापूर तालुक्यातल्याच कडबनवाडीच्या शिवारात एक प्रशिक्षण विमान शेतात कोसळलं. आत एकटीच शिकाऊ वैमानिक होती. तिचा जीव वाचला. पुढच्या वर्षी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, बारामती परिसरात १९ आणि २२ तारखेला, म्हणजे चार दिवसांत, एकाच संस्थेची दोन विमानं पडली. त्यातलीही माणसं वाचली. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं, म्हणजे सगळे ज्याला डीजीसीए म्हणतात त्या खात्यानं, त्या संस्थेचं प्रशिक्षण थांबवलं.

अशा अपघातांची कारणं वेगवेगळी असतात. कधी हवा, कधी वैमानिकाचा हात, कधी यंत्र. इथे त्या तीन अपघातांचा निवाडा करायचा नाही. सांगायचं आहे ते त्यानंतर काय होतं ते. शेतात गर्दी जमते, फोटो निघतात, आणि त्याच वेळी विमानतळावरच्या हँगरमध्ये त्या विमानाची लॉगबुकं ताब्यात घेतली जातात. पहिला प्रश्न असतो, हे विमान सोडलं कुणी? एसटीच्या डेपोत गाडी ‘सोडतात’, तसंच विमान सोडलं जातं. ते उडायला योग्य आहे असं लिहून त्याखाली एक माणूस सही करतो. तो स्वतः उडत नाही. बातमीत त्याचं नाव येत नाही. पण विमान हवेत असेपर्यंत ती सही त्याच्या मानेवर असते.

हे प्रकरण त्या माणसाबद्दल आहे.

आपल्या भागात यंत्राच्या माणसाला कमी नाही. भवानीनगरच्या छत्रपती कारखान्यापासून ते रस्त्याकडेच्या ट्रॅक्टर गॅरेजपर्यंत फिटर, वेल्डर, टर्नर जागोजागी आहेत. गाळप चालू असताना मिल बंद पडली तर रात्रीतून ती चालू करणाऱ्या फिटरचं गावभर नाव होतं. नेमका बोल्ट मिळाला नाही तर तो दुसरा घासून बसवेल, गॅस्केट नसेल तर ट्यूब कापून लावेल, पट्टी वेल्ड करून वेळ मारून नेईल. हाच त्याचा गुण समजला जातो, आणि शेतावर तो खरोखर गुणच आहे. पंप पुन्हा बंद पडला तर पाणी एक दिवस उशिरा मिळतं, एवढंच.

हँगरमध्ये हाच गुण गुन्हा ठरतो. तिथे बोल्ट म्हणजे नुसता बोल्ट नसतो. त्याला क्रमांक असतो, तो कुठल्या कारखान्यातून आला याचा कागद असतो, आणि तो किती जोर लावून आवळायचा याचा आकडा पुस्तकात छापलेला असतो. त्यासाठी टॉर्क रेंच नावाचा पाना असतो आणि तो पानासुद्धा ठरावीक मुदतीनं तपासून घ्यावा लागतो. आवळलेला नट हादऱ्यानं सैल होऊ नये म्हणून त्यातून तार ओवून ती पिळतात. तिला लॉकवायर म्हणतात. तार अशा बाजूनं ओढून बांधायची की नट सुटायला लागला तर तारेनं त्याला उलट आवळायच्या दिशेनं खेचावं. उलट बाजूनं बांधलेली तार दिसायला अगदी तशीच दिसते आणि काहीच कामाची नसते. नव्या पोराकडून पहिले काही आठवडे हेच करून घेतात. बोटांना तारेची टोकं लागून रक्त येतं. चुकलं की तार कापून टाकायची आणि पुन्हा बांधायची. एकदा पिळलेली तार परत वापरायची नाही.

गावाकडचा चांगला मेकॅनिक या कामात आला की त्याला सगळ्यात जड जातं ते हे. हाताला जे कळतं ते पुरेसं नाही. पुस्तकात काय लिहिलंय ते उघडून बघायचं, शंभराव्यांदा करत असला तरी बघायचं, आणि केलेलं लिहून ठेवायचं. काम एक तासाचं आणि कागद दीड तासाचा, ही या धंद्यातली सगळ्यात जुनी तक्रार आहे. तक्रार खरी आहे. पण कागद नसता तर पुढच्या पाळीच्या माणसाला कळलंच नसतं की मागच्यानं अर्धं काम सोडलंय.

बारामतीसारख्या ठिकाणी मेकॅनिकचा दिवस कसा सुरू होतो ते बघू. सेसना १५२ हे विमान अमेरिकेत १९७७ ते १९८५ या काळात बनलं. म्हणजे आज उडणारं प्रत्येक सेसना १५२ त्यात शिकणाऱ्या मुलापेक्षा वयानं बरंच मोठं आहे. म्हातारं विमान वाईट नसतं. त्याचे भाग बदलत राहतात, इंजिन ठरावीक तासांनी पूर्ण उघडून नव्यासारखं करतात. या विमानाच्या लायकमिंग इंजिनाला कंपनीनं घालून दिलेली ती मर्यादा २,४०० तासांची आहे. पण म्हाताऱ्या माणसासारखंच त्याच्याकडे रोज बघावं लागतं.

पहाटे पहिलं काम पेट्रोलचं. विमानाचं पेट्रोल निळसर असतं. रात्री टाकी अर्धी रिकामी राहिली तर आतल्या हवेतला ओलावा गार पत्र्यावर थेंब धरतो आणि पाणी होऊन तळाशी बसतं. म्हणून पंखांखालच्या आणि इंजिनाजवळच्या छोट्या झडपांतून थोडं थोडं पेट्रोल पारदर्शक भांड्यात काढून उजेडाकडे धरतात. पाणी असेल तर तळाशी वेगळा थेंब दिसतो. यात एक फसगत आहे. भांडं पूर्ण पाण्यानंच भरलं असेल तर दोन थर दिसतच नाहीत, सगळं एकसारखं स्वच्छ दिसतं. म्हणून थर शोधायच्या आधी निळा रंग शोधायचा.

इंजिनाला चार सिलिंडर, प्रत्येकाला दोन प्लग, आणि ठिणगी देणारे मॅग्नेटोही दोन. एक बंद पडला तरी दुसऱ्यावर इंजिन चालावं म्हणून. उडण्याआधी वैमानिक एकेक मॅग्नेटो बंद करून फेरे किती कमी होतात ते बघतो. जास्त कमी झाले की विमान परत हँगरकडे येतं आणि वहीत नोंद पडते. या नोंदीला आपल्याकडे सगळे ‘स्नॅग’ म्हणतात. प्लगवर शिसं साचलेलं असतं, कारण या पेट्रोलमध्ये अजूनही शिसं असतं, आणि ते प्लग हातानं साफ करणाऱ्याच्या नखांतही ते जातं. ऑइल बदललं की जुना फिल्टर फेकायचा नाही. तो कापून, आतला कागद पसरून, धातूचा कीस दिसतो का ते बघायचं. चमकणारा एक कण सांगतो की आत काहीतरी झिजतंय. हे रोगाचं निदान करण्यासारखंच काम आहे. रोगी मात्र बोलत नाही.

मे महिन्यात या भागात पारा चाळिशीच्या वर जातो. उन्हात उभ्या विमानाच्या पत्र्याला हात लावता येत नाही. ऊसतोडीनंतर पाचट पेटवतात, त्याची काजळी आणि मुरमाची धूळ एअर फिल्टरमध्ये जाते. आणि एक शत्रू असा आहे की तो आपल्या प्रत्येकाच्या घरात खिडकीच्या कोपऱ्यात दिसतो. कुंभारीण.

ओल्या मातीचं घरटं बांधणारी ही माशी बारीक भोक दिसलं की त्यात शिरते. विमानाच्या पंखाखाली पुढे तोंड केलेली एक नळी असते. तिला पिटो नळी म्हणतात. समोरून येणारी हवा त्यात दाबली जाते आणि त्या दाबावरून वेग कळतो. कुंभारणीला ती नळी म्हणजे आयतं घर. ६ फेब्रुवारी १९९६ रोजी डॉमिनिकन प्रजासत्ताकातल्या प्वेर्तो प्लाताहून उडालेलं बिर्गेनएअरचं बोइंग ७५७ समुद्रात पडलं आणि १८९ माणसं गेली. विमान कित्येक दिवस जमिनीवर उभं होतं आणि नळ्यांवर झाकणं घातलेली नव्हती. एक नळी बंद झाली होती आणि संशय अशाच मातीच्या माशीवर होता. बंद नळीमुळे वेग खोटा, जास्त दिसत होता. वेग फार झाला असं समजून वैमानिकांनी तो कमी केला, आणि खरा वेग आधीच कमी होता. विमान उभं असताना पिटो नळीवर लाल पट्टी लोंबणारं झाकण दिसतं ते यासाठी. हेल्परनं ते संध्याकाळी घालायचं आणि सकाळी काढायचं. पगाराच्या उतरंडीत सगळ्यात खालच्या माणसाचं हे काम.

त्याच वर्षी २ ऑक्टोबरला पेरूमध्ये याच्या उलटं घडलं. एरोपेरूच्या बोइंग ७५७ ला धुताना बाजूच्या पत्र्यावरची बारीक भोकं चिकटपट्टीनं झाकली होती. या भोकांतून बाहेरच्या हवेचा दाब मोजतात आणि त्यावरून उंची कळते. पट्टी चंदेरी होती, विमानही चंदेरी. काम संपल्यावर ती काढायची राहिली. मागून तपासणाऱ्याला दिसली नाही, रात्री फेरी मारणाऱ्या वैमानिकालाही दिसली नाही. विमान लिमाहून उडालं, उंची-वेगाचे सगळे आकडे खोटे झाले, आणि अंधारात ते पॅसिफिकमध्ये गेलं. ७० माणसं मेली. पट्टी लावणारा कामगार दोषी ठरला. त्याची चूक होतीच. पण जी पट्टी चार जणांनी बघायला हवी होती, तिचं ओझं शेवटी ज्यानं हातात ब्रश धरला होता त्याच्यावर जास्तीत जास्त पडलं. हँगरमधली माणसं ही गोष्ट एकमेकांना सांगतात तेव्हा त्यांना त्यात आपलंच भविष्य दिसतं.

चूक फक्त आळशी माणूस करतो असं आपण समजतो. या धंद्यातला सगळ्यात शिकवणारा अपघात नेमका याच्या उलट सांगतो. १० जून १९९० रोजी ब्रिटिश एअरवेजचं ५३९० क्रमांकाचं विमान बर्मिंगहॅमहून स्पेनमधल्या मालागाला निघालं. १७,३०० फुटांवर कॅप्टनच्या समोरची काच फ्रेममधून सुटून उडाली आणि कॅप्टन टिम लँकेस्टर अर्धे बाहेर फेकले गेले. आतल्या कर्मचाऱ्यांनी त्यांचे पाय धरून ठेवले, सहवैमानिकानं साउदम्प्टनला विमान उतरवलं, आणि लँकेस्टर वाचले. ती काच २७ तास आधी नवी बसवली होती. तिला ९० बोल्ट होते. त्यातले ८४ हवे त्यापेक्षा व्यासानं बारीक होते. फरक होता ०.६६ मिलिमीटरचा.

बसवणारा कोण होता? रात्रपाळीचा प्रमुख. माणसं कमी होती, सकाळी विमान धुण्यासाठी तयार हवं होतं, म्हणून त्यानं काम स्वतःवर घेतलं. चांगल्या, निष्ठावंत कामासाठी त्याची ख्याती होती. त्यानं जुना बोल्ट हातात घेतला आणि अंधुक उजेडाच्या कपाटातून त्याच्यासारखा दिसणारा नवा निवडला. पुस्तकात क्रमांक होता, तो बघितला नाही. वेळ पहाटेची, माणसाचं शरीर सगळ्यात झोपाळू असतं ती. ज्याच्याकडून दुसऱ्यानं तपासून घ्यायचं तो तपासणाराही तोच. आणि नियमानुसार त्या कामाला दुसऱ्या माणसाची तपासणी सक्तीची नव्हतीच.

ही गोष्ट मला पुन्हा पुन्हा सांगावीशी वाटते, कारण त्या माणसात मला आपल्याकडचे कितीतरी उत्तम कारागीर दिसतात. बोल्ट हाताला ओळखता येतो हा त्यांचा अभिमान असतो, आणि तो अभिमान बहुतेक वेळा खराही असतो. दिवस-दिवस, वर्षं-वर्षं तो खरा ठरतो. म्हणूनच ज्या रात्री तो खोटा ठरतो त्या रात्री कुणालाच शंका येत नाही.

आता दबावाकडे येऊ, कारण मेकॅनिकांच्या मनात सगळ्यात खोल बसलेली तक्रार तीच आहे. भारतात व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी २०० तासांचं उड्डाण लागतं. मुलाच्या घरच्यांनी त्यासाठी लाखो रुपये भरलेले असतात. काहींनी जमीन विकलेली असते. विमान हँगरमध्ये बसलं की मुलाचे तास थांबतात, घरच्यांचा जीव वर-खाली होतो, संस्थेचं उत्पन्न थांबतं. सगळ्यांच्या नजरा हँगरच्या दाराकडे लागतात. ‘संध्याकाळपर्यंत सोडताय ना?’ यात धमकी नसते. विचारणारा बहुधा हसतच विचारतो. पण दिवसातून सहा माणसांनी हसत विचारलं की सातव्या वेळी ‘नाही’ म्हणायला छाती लागते.

त्यात सुटे भाग परदेशातून यायचे. एखादी साधी सील, एखादं गॅस्केट, त्याची वाट बघत विमान आठवडे उभं राहतं. मग उभ्या असलेल्या दुसऱ्या विमानाचा भाग काढून याला लावण्याचा मोह होतो. कागदोपत्री नोंद ठेवून ते करता येतं, होतंही. पण त्यात काम दुप्पट होतं. एकदा काढायचं, एकदा लावायचं, पुन्हा नवा भाग आला की परत तेच. आणि प्रत्येक वेळी उघडणं म्हणजे चुकीला एक नवी संधी. मेकॅनिकला हे कळतं. त्याला वेळापत्रक करायला कुणी बोलावत नाही.

वैमानिकानं किती तास उडायचं, मध्ये किती विश्रांती घ्यायची, हे नियमानं ठरलेलं आहे आणि ते योग्यच आहे. मेकॅनिकच्या झोपेचा हिशेब तितक्या कसोशीनं जगात फार थोड्या ठिकाणी ठेवला जातो. खरं तर मोठ्या विमान कंपन्यांमधलं बहुतेक काम रात्रीच चालतं, कारण दिवसा विमानं उडत असतात. काच बसवणारा तो माणूस काही अपवाद नव्हता.

आणि यश? मेकॅनिकचं यश म्हणजे काहीही न घडणं. विमान उतरलं, मुलगी हसत बाहेर आली, पहिलं एकट्यानं केलेलं उड्डाण म्हणून मित्रांनी तिच्या अंगावर पाणी ओतलं. तिच्या फोटोत तो नसतो. तो वहीत पुढचे तास लिहीत असतो.

बारामतीची विमानं छोटी आणि साधी. याच धंद्याचं कठीण रूप बघायचं तर मुंबईला जुहूला जावं लागतं. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जिथे उतरले, तोच हा विमानतळ. आज तिथून मुख्यतः हेलिकॉप्टर उडतात. १९८५ मध्ये स्थापन झालेल्या पवनहंसची हेलिकॉप्टर इथूनच ओएनजीसीच्या कामगारांना मुंबई हायच्या तेलफलाटांवर नेत-आणत आली आहेत. विमानाचं इंजिन बंद पडलं तर ते तरंगत खाली येऊ शकतं. हेलिकॉप्टरचं इंजिन बंद पडलं तरी फिरत्या पात्यांच्या जोरावर कुशल वैमानिक उतरवू शकतो. पण इंजिनाची ताकद पात्यांपर्यंत नेणारा मुख्य गिअरबॉक्स तुटला तर करण्यासारखं काही उरत नाही. म्हणून हेलिकॉप्टरच्या मेकॅनिकचं निम्मं आयुष्य त्या गिअरबॉक्सभोवती जातं.

गिअरबॉक्सच्या ऑइलमध्ये एक छोटं चुंबक बसवलेलं असतं. दात झिजून लोखंडाचा कण सुटला तर तो त्याला चिकटतो. मेकॅनिकनं चुंबक काढून तो कण भिंगाखाली बघायचा आणि ठरवायचं, ही नेहमीची झीज की काही मोडतंय? २५ मार्च २००९ रोजी स्कॉटलंडमध्ये तेलफलाटांवर जाणाऱ्या एका सुपर प्यूमा हेलिकॉप्टरच्या चुंबकावर असा एक कण सापडला. तपासणी झाली, कंपनीशी बोलणं झालं, त्यात कणाच्या अर्थाबद्दल गैरसमज झाला, आणि हेलिकॉप्टर पुन्हा कामावर गेलं. १ एप्रिलला गिअरबॉक्स फुटला, पाती वेगळी झाली आणि १६ माणसं उत्तर समुद्रात गेली. कण सापडला होता, नोंद झाली होती, प्रश्नही विचारला गेला होता. तरीही. एका कणाचा अर्थ लावणं किती अवघड आहे हे यावरून कळतं.

जुहूला त्यात खारं वारं. समुद्रावरून आलेल्या हेलिकॉप्टरच्या इंजिनात मीठ बसतं, ते गोड्या पाण्यानं धुवावं लागतं, नाहीतर आतली पाती खात सुटतं. पत्र्याच्या जोडात, नटाखाली, रंगाच्या फोडाखाली गंज धरतो आणि तो बाहेरून दिसत नाही. पात्यांमध्ये जरा असमतोल आला की सगळं हेलिकॉप्टर थरथरतं आणि ती थरथर प्रत्येक स्क्रू सैल करायला बघते. विमानावर काम करणारे आणि हेलिकॉप्टरवर काम करणारे यांच्यात कुणाचं काम जड, हा वाद हँगरांमध्ये कायम रंगतो. माझं मत हेलिकॉप्टरवाल्यांच्या बाजूनं आहे.

१३ जानेवारी २०१८ रोजी जुहूहून निघालेलं पवनहंसचं डॉफिन हेलिकॉप्टर डहाणूजवळच्या समुद्रात कोसळलं. आत ओएनजीसीचे अधिकारी आणि वैमानिक मिळून सातजण होते. अशा दिवशी जुहूच्या हँगरमध्ये जेवणाचे डबे उघडले जात नाहीत.

हे काम करणाऱ्याच्या स्वतःच्या जिवाची गोष्ट तर आणखी कमी बोलली जाते. १६ डिसेंबर २०१५ च्या रात्री मुंबई विमानतळावर एअर इंडियाचं हैदराबादला जाणारं विमान मागे ढकललं जात असताना एक तंत्रज्ञ इंजिनाच्या पुढे होता. इंजिन चालू झालं आणि त्यानं त्याला आत ओढून घेतलं. १० जुलै २०१९ रोजी कोलकात्यात स्पाइसजेटचा एक तरुण तंत्रज्ञ विमानाच्या चाकांच्या दारात अडकून मेला. प्रवाशांच्या रक्ताचा एक थेंबही न सांडता या दोन्ही गोष्टी घडल्या, म्हणून त्या दोनच दिवसांत विसरल्या गेल्या. चालू इंजिनांजवळ वर्षं काढून कान जातात, ते तर कुठल्याच बातमीत येत नाही.

महाराष्ट्रात या धंद्याची मोठी शाळा नाशिकजवळ ओझरला आहे. १९६४ पासून हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना तिथे आहे. मिग-२१ तिथे बनली, नंतर सुखोई-३० बनली आणि दुरुस्तही होऊ लागली. द्राक्षांच्या गावांतली मुलं आयटीआय करून तिथे लागली आणि घराघरात लढाऊ विमानाचे नट-बोल्ट ओळखणारी माणसं तयार झाली. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला मिग-२१ निवृत्त झालं तेव्हा सगळीकडे वैमानिकांच्या आठवणी आल्या. त्या विमानाला साठ वर्षं उडतं ठेवणाऱ्या ओझरच्या फिटरांच्या आठवणी कुणी लिहून घेतल्या तर तो या राज्याच्या इतिहासाचा एक मोलाचा भाग होईल. त्यांतले कित्येकजण आता सत्तरीच्या पुढे आहेत. हे काम लवकर व्हायला हवं.

कारण या धंद्यात विसरलं जाणं अगदी पहिल्या दिवसापासून आहे. राइट बंधूंचं नाव शाळेत सगळे शिकतात. १७ डिसेंबर १९०३ रोजी उडालेल्या त्यांच्या विमानाचं इंजिन चार्ल्स टेलर नावाच्या मेकॅनिकनं बनवलं होतं. तो त्यांच्या सायकलच्या दुकानात कामाला होता. बाजारात पुरेसं हलकं इंजिन मिळेना, तेव्हा त्यानं लेथ आणि ड्रिल मशीनवर सुमारे सहा आठवड्यांत ते घडवलं. त्याच्या आयुष्याचा शेवट हलाखीत गेला आणि १९५६ मध्ये तो वारला. त्याचा जन्मदिवस, २४ मे, आता काही देशांत विमान मेकॅनिकांचा दिवस म्हणून पाळतात.

शेवटी पळसदेव, इंदापूर, बारामती, भिगवण भागातल्या आईवडिलांशी थोडं बोलायचं आहे, कारण डोक्यावरून रोज विमानं जातात आणि बारावी झालेल्या मुलामुलींना या धंद्याची ओढ लागते. ती चांगली ओढ आहे. पण आधी एक गोंधळ दूर करा. एरोनॉटिकल इंजिनिअरिंगची पदवी वेगळी आणि विमान सोडण्याचा परवाना वेगळा. पदवीधर विमानाचा आराखडा करू शकेल. विमान सोडण्याची सही मात्र डीजीसीएच्या परवान्याशिवाय करता येत नाही, मग पदवी कितीही मोठी असो. परवान्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागतं. डीजीसीएच्या एकेक विषयाच्या परीक्षेत ७५ टक्के मिळवावे लागतात. शिवाय प्रत्यक्ष विमानांवर केलेल्या कामाचा अनुभव दाखवावा लागतो. परवाना मिळाल्यावरही मोठ्या विमानासाठी त्या त्या प्रकाराचं वेगळं प्रशिक्षण घ्यावं लागतं आणि ते महाग असतं. पायलटच्या मानानं खर्च कमी, पण वाट लांब. सुरुवातीची काही वर्षं हातात पडणारे पैसे बघून मुलं खचतात. तेव्हा त्यांना घरून आधार लागतो.

फी भरण्याआधी संस्थेत स्वतः जा. संस्थेला डीजीसीएची मान्यता आहे का, कुठल्या परवान्यासाठी आहे आणि ती कधीपर्यंतची आहे, ते कागद मागून बघा आणि डीजीसीएच्या यादीशी ताडून घ्या. मग हँगर दाखवा म्हणा. आत विमान असेल तर ते उडतं की फक्त दाखवायला ठेवलंय ते विचारा. मुलाला चालत्या विमानावर, परवानाधारक माणसाच्या हाताखाली, किती महिने काम करायला मिळेल आणि कुठल्या हँगरमध्ये, हे लेखी मागा. जी संस्था हे लेखी देत नाही, तिथे फी भरू नका.